छतावरून दिसलेला वेस्टा आणि ओल्बर्स डॉक्टरांचा तर्क

सुदामानगरी | ४ मे २०२५, रात्री ११:४२

२८ एप्रिलच्या रात्री मी धाकटीच्या चौकटीच्या वहीत नऊ ठिपके काढले. ३० ला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरस अंगावर आलेला असतानाही पुन्हा छतावर चढलो आणि परत नऊ ठिपके काढले. आठ जागच्या जागी. नववा उजवीकडे, म्हणजे पश्चिमेला, सरकलेला. १ तारखेला ढग. आज पुन्हा काढले, तर स्वारी अजून पुढे गेलीय.

सामान काय? दहा बाय पन्नासची जुनी द्विनेत्री (दोन डोळ्यांची दुर्बीण), प्लास्टिकची खुर्ची आणि डासांची कॉइल. बस्स. त्या हलणाऱ्या ठिपक्याचं नाव वेस्टा. मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यातला लघुग्रह. परवाच, २ मेला, त्याची प्रतियुती झाली. म्हणजे सूर्य एका बाजूला, तो दुसऱ्या बाजूला आणि मधे आपण. त्यामुळे सध्या तो रात्रभर वर असतो आणि अंतरही कमी, साधारण १७ कोटी किलोमीटर.

कुठे बघायचं: रात्री दहाला आग्नेयेकडे तोंड करा. वरती नारिंगी स्वाती, चुकणारच नाही. खाली पांढरी चित्रा. चित्रेच्या डावीकडे तूळ रास. कन्येच्या शिवेवर, तूळेच्या वरच्या पारड्याच्या थोडं अलीकडे शोधा. रोज साधारण पाव अंश सरकतो, चंद्राच्या बिंबाच्या निम्म्याएवढा. एका रात्रीत कळत नाही, दोन रात्रींत कळतं. त्याची प्रत (तेजाचं माप, आकडा मोठा तितका ठिपका मंद) सध्या ५ आणि ६ च्या मधे आहे, म्हणजे कागदोपत्री नुसत्या डोळ्यांनीही दिसायला हवा. इंदूरच्या आमच्या सुदामानगरातून विसरा. जानापावच्या डोंगरावर चढून कदाचित.

आता गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हा धागा काढला. १ जानेवारी १८०१ ला सिसिलीत पालेर्मोला पियाझ्झींना सेरेस सापडला. मंगळ-गुरूच्या मधे जागा रिकामी दिसते, तिथे ग्रह असणारच, असं म्हणून युरोपातले खगोलवाले टपूनच बसले होते. सगळे खूश. पण पुढच्याच वर्षी, २८ मार्च १८०२ ला, ब्रेमेनच्या हाइनरिख ओल्बर्सना त्याच अंतरावर पॅलास दिसला. एका प्लॉटचे दोन मालक! ओल्बर्स पेशानं डॉक्टर. दिवसा रोगी, रात्री घराच्या वरच्या मजल्यावर दुर्बीण. त्यांनी तर्क लढवला: इथे एक अख्खा ग्रह होता, तो फुटला, हे त्याचे तुकडे. तुकडे एका जागेहून उडाले असतील तर प्रत्येकाची वाट पुन्हा त्या जागेवरून जाणार. ती जागा आकाशात कन्या राशीत येते, आणि बरोबर समोर तिमिंगल या तारकासमूहात. मग सगळं आकाश कशाला चाळा? सराफ्यात चुकामूक झाली तर आपण काय करतो, ज्या दुकानासमोरून सगळ्यांना जावंच लागतं तिथे उभे राहतो. डॉक्टर उभे राहिले. मधे १८०४ ला हार्डिंगना जुनो सापडला, त्यानं त्यांना आणखी हुरूप आला. आणि २९ मार्च १८०७ ला कन्येतच त्यांना वेस्टा सापडला. पॅलासनंतर पाच वर्षं आणि एक दिवस. कक्षेचं गणित गणितज्ञ गाउसनं केलं, नावही त्यानंच ठेवलं. वेस्टा म्हणजे रोमन लोकांची चुलीची देवता.

मजा अशी की तर्क साफ चुकला होता. पट्ट्यातलं सगळं सामान एकत्र केलं तरी आपल्या चंद्राच्या तीन-चार टक्के भरतं. ग्रह कुठला फुटायला? चुकीचा पत्ता घेऊन निघाले आणि योग्य घरी पोचले.

उद्या कोणी छतावर जाणार असेल तर सांगा. चंद्र वाढतोय, १२ ला पौर्णिमा. जे काय बघायचं ते तीन-चार दिवसांत.

पेठकर | ५ मे, सकाळी ७:१५

लेख छान. पण "छतावर" काय? छत खालून दिसतं, वर चढतात ती गच्ची. इंदूरकरांना किती वेळा सांगायचं.

सुदामानगरी | ५ मे, सकाळी ७:४८

आमच्याकडे पोहे छतावरच वाळतात, वेस्टाही छतावरूनच दिसतो. तुमच्या गच्चीवरून दिसला का?

पेठकर | ५ मे, सकाळी ७:५०

समोर इमारत आहे.

मालगंजचे जोशी | ५ मे, सकाळी ९:०५

आमच्या पंचांगात नवग्रह. त्यात राहू-केतू, ज्यांना शरीरच नाही, त्यांना जागा आहे; आणि पाचशे किलोमीटरच्या दगडाला नाही. हे मी गमतीत म्हणतोय, भांडू नका. खरा प्रश्न असा: सेरेस वेस्टापेक्षा मोठा ना? मग पहिला सेरेस का दिसला हे समजलं, पण सगळ्यांत तेजस्वी वेस्टा का? तो तर चौथा सापडला.

सुदामानगरी | ५ मे, सकाळी ९:३०

जोशीकाका, प्रश्न मार्मिक आहे. सेरेस साधारण ९४० किलोमीटर, वेस्टा सरासरी ५२५. पण सेरेस कोळशासारखा काळपट, त्याच्यावर पडलेल्या उजेडातला दहावा हिस्साही तो परत पाठवत नाही. वेस्टा चाळीस टक्क्यांच्या आसपास परत पाठवतो. शिवाय तो जवळ आहे. सूर्यापासून सरासरी २.३६ खगोलीय एकक, म्हणजे पृथ्वीच्या अंतराच्या सव्वादोन पटींहून थोडा जास्त. सेरेस पावणेतीन पटींच्या पुढे. लहान पण चुना फासलेली भिंत लांबून दिसते, मोठी काजळी धरलेली दिसत नाही.

आणि सगळ्यांत तेजस्वी असून चौथा का, तर आकाशात त्या प्रतीचे तारे हजारोंनी आहेत. दिसत होताच. हलतोय हे कोणीतरी वहीत काढल्याशिवाय कळत नाही.

आणखी एक: तेव्हा हे चौघेही "ग्रह"च होते. खगोलवेत्त्या हर्शेलनं १८०२ लाच, पहिले दोघे सापडल्यावर, असल्यांसाठी वेगळा शब्द काढला, पण पाठ्यपुस्तकांत कित्येक वर्षं ११ ग्रह होते. पाचवा लघुग्रह सापडायला १८४५ उजाडलं. मग मात्र रांगच लागली. १८६१ ला पॉगसननं मद्रासहून एक शोधला, त्याचं नावच एशिया. आपल्या खंडातून सापडलेला पहिला.

शंकेखोर | ५ मे, दुपारी १:२०

सगळं ठीक. पण १७ कोटी किलोमीटरवरचा ठिपका. तो चुन्यासारखा, तो कोळशासारखा, हा इतके किलोमीटर, हे ठरवतात कसं? कोणी हात लावलाय का?

कणकण | ५ मे, दुपारी २:०२

भिया, यान जाऊन आलंय! डॉन. सप्टेंबर २००७ ला उडालं, जुलै २०११ ला वेस्टाच्या कक्षेत शिरलं, सप्टेंबर २०१२ पर्यंत तिथेच फिरत होतं. मग निघून सेरेसला गेलं, २०१५ मधे पोचलं. दोन वेगळ्या गोळ्यांभोवती कक्षा धरणारं पहिलं यान. इंजिन झेनॉन वायूचं, आयन इंजिन. त्याचा धक्का इतका हलका की हातावर कागदाचा कपटा ठेवल्यासारखा, पण वर्षानुवर्षं चालू ठेवतात.

मोजमापं: ५७३ बाय ५५७ बाय ४४६ किलोमीटर. गोल नाही, दोन्ही ध्रुवांकडून चेपलेला. स्वतःभोवती एक फेरी ५ तास २० मिनिटांत. म्हणजे आपल्याकडे सकाळचे पोहे ते दुपारचं जेवण, तेवढ्यात तिकडे दिवस-रात्र दोन्ही उरकले. वर्ष मात्र साडेतीन वर्षांहून थोडं मोठं. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या चाळिसाव्या हिश्शाएवढं. ऐंशी किलोचा माणूस तिथे दोन किलो.

पण खरी धमाल दक्षिण ध्रुवावर आहे. रियासिल्व्हिया नावाचं विवर. व्यास ५०५ किलोमीटर!! वेस्टाच्या स्वतःच्या व्यासाएवढंच जवळजवळ. मी नकाशावर मोजलं, इंदूर ते मुंबई सरळ रेषेत तेवढंच भरतं. अवंतिका एक्स्प्रेसनं अख्खी रात्र जाते त्यात. आणि विवराच्या मधोमध एक डोंगर, पायथ्यापासून वीस किलोमीटरहून उंच. एव्हरेस्टच्या दुप्पट, अडीचपट. सूर्यमालेतल्या सगळ्यांत उंच डोंगरांत त्याची गिनती होते.

त्या टोल्यामुळे विषुववृत्ताभोवती लांबच लांब चर पडलेत, एकेक शेकडो किलोमीटरचा. टोला दक्षिणेला, तडे कमरेला.

पेठकर | ५ मे, दुपारी २:१०

"गिनती" नव्हे, गणना.

कणकण | ५ मे, दुपारी २:११

समजलं ना? मग झालं.

तापीकाठ | ५ मे, रात्री ८:३५

शंकेखोर, हात लावायचं म्हणता ना. आमच्याकडे या. १८४३ साली खान्देशात, हल्लीच्या मुक्ताईनगरच्या बाजूला, मानेगाव इथे आकाशातून दगड पडला होता. त्यातला फार थोडा भाग जपला गेला. पण अभ्यासकांच्या यादीत "मानेगाव" हे नाव आजही आहे, आणि तो वेस्टाचाच तुकडा मानतात. आमच्या भागात हे कोणालाच माहीत नाही. मलाही दोन वर्षांपूर्वी कळलं. इंदूरहून बऱ्हाणपूरमार्गे निघालात तर वाटेतच आहे.

तिथे आता बघायला काही नाही हेही सांगून ठेवतो. केळीच्या बागा आहेत.

शंकेखोर | ५ मे, रात्री ९:१२

"मानतात" हाच तर मुद्दा. दगडावर पत्ता लिहिलेला असतो का? पडला खान्देशात, आला वेस्टाहून. मधे कोण बघायला होतं?

दांडियाबाजार | ५ मे, रात्री ११:५०

मी बडोद्याला महाविद्यालयात भूशास्त्र शिकवायची, आता निवृत्त. शंकेखोरांचा प्रश्न रास्त आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. कंटाळलात तर पुढे जा.

आधी शब्द. वर फिरतो तो लघुग्रह. हवेत पेटताना दिसते ती उल्का. जमिनीवर पडून हाती लागतो तो अशनी. वर्तमानपत्रं तिन्हीला उल्का म्हणतात, म्हणून सांगितलं.

आता पत्ता. तो असतो, आणि तीन ठिकाणी असतो.

पहिला प्रकाशात. प्रत्येक खनिज उजेडातले काही ठरावीक रंग गिळतं. १९७० मधे अमेरिकेतल्या तिघांनी दुर्बिणीतून वेस्टाच्या उजेडाचा वर्णपट घेतला. तो पायरॉक्सीन या खनिजाचा निघाला, आणि प्रयोगशाळेतल्या एका जातीच्या अशनींशी जवळजवळ तंतोतंत जुळला. त्या जातीला युक्राइट म्हणतात. मोठ्या लघुग्रहांत असा वर्णपट दुसऱ्या कोणाचाच नाही.

दुसरा वाटेत. त्या वेळी शंकेखोरांसारख्यांनी हेच विचारलं होतं: वेस्टा तर सुरक्षित जागी फिरतो, त्याचे तुकडे पृथ्वीपर्यंत येणार कसे? सूर्यापासून अडीच खगोलीय एककांवर एक जागा आहे, तिथे काही टिकत नाही. तिथला दगड सूर्याभोवती तीन फेऱ्या मारतो तेव्हा गुरूची एक होते. त्यामुळे गुरूचा हिसका पुन्हा पुन्हा त्याच जागी बसतो. झोपाळ्याला दर वेळी नेमक्या क्षणी धक्का दिला तर काय होतं, तसं. कक्षा लांबट होत जाते आणि दगड आतल्या ग्रहांच्या वाटेत येतो. १९९३ मधे बिन्झेल आणि शू यांना वेस्टापासून थेट त्या जागेपर्यंत पसरलेले लहान लहान लघुग्रह सापडले, सगळ्यांचा वर्णपट वेस्टाचा. घरापासून स्टेशनापर्यंत कोणी शेव सांडत गेल्यासारखा माग. पुढे हबल दुर्बिणीतून दक्षिणेचं ते मोठं विवर दिसलं, म्हणजे माल निघाला कुठून तेही कळलं. डॉननं जवळून पाहून शिक्कामोर्तब केलं.

तिसरा पत्ता दगडाच्या पोटात. ऑक्सिजनच्या तीन प्रकारच्या अणूंचं प्रमाण प्रत्येक मोठ्या गोळ्याचं आपापलं असतं. या दगडांचं प्रमाण पृथ्वीचं नाही, चंद्राचं नाही, मंगळाचंही नाही. आणि बहुतेकांचं आपसात जुळतं.

आता मानेगावच्या दगडाबद्दल. तो युक्राइट नव्हे, डायोजेनाइट. हा फरक मला फार आवडतो. युक्राइट म्हणजे पृष्ठभागावर ओतलेला लाव्हा, बसाल्ट. डायोजेनाइट खोल पोटात सावकाश गोठलेला, त्याचे स्फटिक मोठे. तिसरी जात हॉवर्डाइट, ती या दोघांची टोल्यांनी झालेली मिसळ. म्हणजे खान्देशात जे पडलं ते वेस्टाच्या अंगणातलं नव्हे, तळघरातलं. इतक्या खोलातला माल बाहेर काढायला टोलाही तसाच लागतो.

आणि इंदूरकरांनो, तुम्ही ज्यावर बसला आहात तोही बसाल्टच. माळव्याची काळी माती याच दगडाची. आपला सुमारे ६.६ कोटी वर्षांचा, वेस्टाचा ४५० कोटींहून जुना. पण कृती तीच: वितळलेला खडक वर आला, पसरला, गोठला.

कणकण | ६ मे, सकाळी ८:२०

एक मिनिट. पाचशे किलोमीटरच्या गोळ्यात लाव्हा? इतक्या लहानात उष्णता कुठून? आपला चंद्र त्याच्या कितीतरी पट मोठा, तो केव्हाच थंड झाला.

दांडियाबाजार | ६ मे, सकाळी १०:४०

म्हणूनच हा दगड महत्त्वाचा. उत्तर आमच्या शेजारी अहमदाबादला मिळालं, याचा मला गुजराती म्हणूनही अभिमान आहे.

२० जून १९९६ ला राजस्थानात पाली जिल्ह्यात पिपलिया कलां गावी अशनी पडला. युक्राइट. चाळीस किलोच्या वर माल हाती आला. अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेत श्रीनिवासन, गोस्वामी आणि भंडारी यांनी त्याच्या स्फटिकांत मॅग्नेशियमचं एक विशिष्ट जादा प्रमाण मोजलं. ते जादा मॅग्नेशियम अॅल्युमिनियम-२६ मधून आलेलं. हा किरणोत्सारी अणू सात लाख वर्षांत निम्मा होतो. म्हणजे आज सूर्यमालेच्या जन्मापासूनचा एकही शिल्लक असणं शक्य नाही, त्याची फक्त राख सापडते. पण सुरुवातीच्या काही लाख वर्षांत तो भरपूर होता आणि विघटन होताना उष्णता देत होता. वेस्टा त्या घाईच्या काळातच तयार झाला, म्हणून पेटता निखारा पोटात घेऊनच जन्मला. उशिरा तयार झालेल्यांना राखच मिळाली. १९९९ मधे हे काम छापून आलं. वितळलेल्या गोळ्याच्या दगडात या निखाऱ्याचा थेट पुरावा मिळाला.

चुलीची देवता हे नाव गाउसनं ठेवलं तेव्हा यातलं त्याला काही ठाऊक नव्हतं, अर्थात.

मालगंजचे जोशी | ६ मे, सकाळी ११:१५

वा! माईंना नमस्कार. माझ्याकडे ओंकारेश्वराहून आणलेला एक काळा, जड दगड आहे. तीस वर्षं देवघरात आहे. आणणाऱ्यानं "आकाशातून पडलेला" म्हणून दिला होता. कसं ओळखावं?

दांडियाबाजार | ६ मे, सकाळी ११:५५

जोशीबुवा, नर्मदाकाठी आणि माळव्यात काळा, जड दगड म्हणजे दहा हजारांत दहा हजार आपलाच बसाल्ट. लोहचुंबक लावून बघतात, पण वेस्टाच्या दगडांत धातूचं लोखंड जवळजवळ नसतंच, त्यामुळे तिथे चुंबकही दगा देतो. नुकत्याच पडलेल्या युक्राइटवर चकचकीत काळी साल असते, पॉलिश केल्यासारखी, आणि आत फिकट राखाडी. तुमचा आतून-बाहेरून सारखाच काळा असेल, किंवा त्यात बारीक भोकं असतील, तर तो इथलाच.

देवघरातून काढू मात्र नका. तीस वर्षं झालीत.

मालगंजचे जोशी | ६ मे, दुपारी १२:०५

आतून बघायला फोडावा लागेल. ते काही होणे नाही.

शंकेखोर | ६ मे, रात्री ९:३०

पटलं. तीन पत्ते जुळतात म्हटल्यावर बोलायला जागा नाही. पण एक खोडा घालतोच. "वितळला, जड लोखंड तळाशी बसलं, वर हलका खडक", म्हणजे पृथ्वीसारखी पूर्ण उतरंड, असं डॉनच्या वेळी सांगितलं होतं ना? ११० किलोमीटर त्रिज्येचा लोखंडी गाभा वगैरे. गेल्याच महिन्यात काहीतरी वेगळं छापून आलंय.

कणकण | ६ मे, रात्री १०:१५

हो, मी वाचलं! एप्रिलमधेच नेचर अॅस्ट्रॉनॉमी या नियतकालिकात आलंय. डॉनचीच जुनी मोजमापं पुन्हा चाळली. यानाचा वेग कुठे किती बदलला त्यावरून गुरुत्वाकर्षण, आणि फिरताना वेस्टा किती डुलतो त्यावरून आतलं वजन कुठे साठलंय ते काढलं. उकडलेलं अंडं आणि कच्चं अंडं फिरवून ओळखतात त्यातलाच प्रकार. तर गाभा असायला हवा तेवढा नाही. आत जवळपास एकसारखाच माल दिसतो.

मग दोन शक्यता मांडल्यात. एक, वितळायला सुरुवात झाली पण काम अर्धवट राहिलं. दुसरी (ही वाचून मी खुर्चीतून उठलो): वेस्टा हा मुळात स्वतंत्र गोळा नव्हेच, घडत असलेल्या एका मोठ्या ग्रहाला टोला बसून उडालेला तुकडा आहे!

सुदामानगरी | ६ मे, रात्री १०:२२

म्हणजे ओल्बर्स डॉक्टर??

दांडियाबाजार | ६ मे, रात्री ११:०५

घाई नको. डॉक्टरांचं म्हणणं होतं की चौघेही एकाच फुटलेल्या ग्रहाचे. ते आजही चूकच. सेरेस आणि वेस्टाची मातीच वेगळी, एकात पाणी मुरलेलं, दुसरा भट्टीतून निघालेला. नवं म्हणणं फक्त वेस्टापुरतं, आणि त्यात अडचणी आहेत. अर्धवट वितळला म्हणावं तर आमचे युक्राइट-डायोजेनाइट चांगले पूर्ण वितळलेल्या गोळ्याचे वाटतात. तुकडा म्हणावं तर तो उडाल्यावर इतका अखंड कसा राहिला, तेही सांगावं लागेल. मी माझं मत राखून ठेवते. पण विद्यार्थ्यांना तीस वर्षं "वेस्टा म्हणजे छोटी पृथ्वी" असं फळ्यावर कांद्याचं चित्र काढून शिकवलं, ते चित्र आता पुसावं लागेलसं दिसतंय.

पेठकर | ७ मे, पहाटे ५:४०

काल रात्री सिंहगडाच्या पायथ्याशी गेलो होतो. दिसला. दुसऱ्यांदा बघितल्याशिवाय खात्री नाही म्हणता, म्हणून आज पुन्हा जातोय.

सुदामानगरी | ७ मे, सकाळी ७:०५

पेठकर, वहीत काढा, डोक्यात ठेवू नका. आठ ठिपके पुरे.

इथे काल ढगच होते, मी काहीच पाहिलं नाही. पण बसल्या बसल्या पुढची तारीख काढली. वेस्टाची पुढची प्रतियुती ऑक्टोबर २०२६ मधे. थोडा मंद असेल, द्विनेत्रीला पुरेसा. आणि तारकासमूह कुठला, सांगा? तिमिंगल. डॉक्टरांचा दुसरा चौक.

जानापावला जायचं ठरवतोय. तापीकाठ, तुम्ही येत असाल तर केळी आणा, शेव आमच्याकडून.